डावीकडची चेन

सायकल खोलायला अक्कल लागत नाही, पाना लागतो. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण सत्तावन्न सालच्या दिवाळीआधी माझ्याकडे पाना होता.

त्या साली आमच्या भागातल्या एका नव्या साखर कारखान्याला चिटबॉय हवे होते. नावात बॉय असला तरी मिशा पिकलेले बाप्येही अर्ज घेऊन उभे होते. काम सोपं. कुणाचा ऊस कुठल्या दिवशी तुटणार याची चिठ्ठी कचेरीतून घ्यायची आणि वाडीवस्तीवर जाऊन त्या शेतकऱ्याच्या हातात द्यायची. पगार महिन्याच्या महिन्याला, पाऊस पडो न पडो. मी बावीस वर्षांचा, मराठी सातवी पास, लग्न झालेला, आणि तीन एकरांत बापाच्या हाताखाली ढेकळं फोडून कंटाळलेला. ही नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती, की कारखान्याच्या इंदापूरच्या शेतकी कचेरीत साहेबांनी "स्वतःची सायकल आहे का?" असं विचारल्यावर, नसताना मी "व्हय" म्हणालो. "रस्त्यात बिघडली तर खोलून जोडता येते का?" यालाही "व्हय"च म्हणालो. एकदा तोंडाला व्हयची सवय लागली की जीभ विचार करत नाही.

"ठीक. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला सायकल घेऊन या. बघू," साहेब म्हणाले. त्या "बघू"ने माझी झोप उडवली.

पहिलं खोटं आबांनी निस्तरलं. आबा म्हणजे माझे वडील, महिपती. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणायचो. बारामती-इंदापूर रस्त्यापासून दीड मैल आत, ओढ्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि त्या गावात उसाचा घाणा फक्त आबांचा. लोखंडी लाटांचा, दात्यांचा, बैल जुंपून फिरवायचा. घाण्याचा दाता तुटो, मोटेचं चाक करकरो, गाडीचा आस वाकडा होवो, लोक आबांकडे यायचे. आबा दोन बोटांनी चाक हलवून बघायचे, कान देऊन ऐकायचे आणि कुठं काय बिनसलंय ते सांगायचे. मग कारखाना आला. ऊस चिठ्ठीवर जायला लागला, गुऱ्हाळ बंद पडलं, घाणा गंजला आणि आबांना काही विचारायचं लोकांना कारण उरलं नाही. त्यांच्या जागी सोपान आला. सोपान आमचा शेजारी. त्याने विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं होतं, आणि इंजिन घेतलं की माणसाला सगळ्याच यंत्रांतलं कळतं, अशी आमच्या गावाची समजूत होती. सोपानचीही तीच होती.

ज्या कारखान्याने गुऱ्हाळ बंद पाडलं, त्याच्याच दारात पोरगा चाकरीला निघालेला. तरी बुधवारी आबांनी घरामागे पालथी पडलेली गुळाची काहील गाडीत घातली, बारामतीला नेऊन विकली आणि रामहरी मिस्त्रीकडून एक जुनी काळी सायकल मला घेऊन दिली. तिला चेनकव्हर नव्हतं, पण बाकी सगळं होतं. मी मिस्त्रीकडून एक पानाही मागून घेतला.

"पाना कशाला?" मिस्त्री म्हणाला. "बसा आन् चालवा. उघडू नगा. चालत्या वस्तूला हात लावू न्हाय."

सायकल मला चालवता येत होती. बारामतीत तासाच्या भाड्याने घेऊन शिकलो होतो. पण तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो आणि आता धोतरात. पिंपळाच्या पारावर सगळं गाव बसलेलं असताना ऐन पारासमोर धोतराचा सोगा चेनमध्ये गेला. सायकल थांबली, मी थांबलो नाही. उठलो तेव्हा निम्मं धोतर माझ्याकडे होतं आणि निम्मं सायकलकडे. हा प्रसंग मी सांगितला नसता, पण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

आता दुसरं खोटं राहिलं. शुक्रवारी सकाळी सारजा, म्हणजे माझी बायको, पाण्याला गेल्याचं बघून मी अंगणात तिची गोधडी अंथरली, सायकल पालथी केली आणि पाना लावला.

खोलणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. एक नट फिरवला की दुसरा आपण होऊन पुढे यायचा. मी प्रत्येक वस्तू काढली की शहाण्यासारखी गोधडीवर ओळीने ठेवत होतो, म्हणजे उलट्या ओळीने जोडली की झालं. दोन्ही चाकं काढली, चेन काढली, पाचर ठोकून पायडलांचे दांडे काढले, दांड्यांमधला आस ओढून काढला. आसाबरोबर छर्रे निघाले. छर्ऱ्यांना ओळ वगैरे काही कळत नाही. ते गोधडीवरून घरंगळत चहूकडे गेले, मी त्यांच्यामागे रांगत गेलो, आणि मागे वळून बघतो तो सारजा दारात उभी, डोक्यावर हंडा आणि ओळीवर पाय.

"अवं, ह्ये काय मांडलंय?"

"शिकतोय."

"माझ्या गोधडीवं?"

गोधडी तिने खसकन ओढली. ओळ गेली. दोष तिचा नाही, गोधडी तिच्या आईने शिवलेली होती. छर्रे मोजले तर एक कमी. अंगणात आमची तांबडी कोंबडी फिरत होती आणि तिची मान मला जरा जास्तच ताठ वाटली. मी तिला पाटीखाली कोंडली आणि दोन दिवस तिच्या मागे बघत बसलो. तिने काही दिलं नाही.

शनिवारी दिवसभर मी सायकल जोडत होतो. तीन वेळा जोडली. पहिल्यांदा चाक फिरेना, दुसऱ्यांदा हँडल फिरेना, तिसऱ्यांदा सगळं फिरत होतं, पण प्रत्येक वस्तू वेगळ्या दिशेने. सोमवार समोर आ वासून उभा होता. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग काढायला समोर रामहरी मिस्त्रीही नव्हता.

"पोत्यात घाला आन् बारामतीला न्या मिस्त्रीकडं," सारजा म्हणाली. साऱ्या घरात तेवढं एकच वाक्य शहाणपणाचं होतं, म्हणून कुणी ते ऐकलं नाही.

आबा उंबऱ्यावर बसून हे सगळं दोन दिवस बघत होते. आता ते खाकरले.

"पोतं घिऊन बारामतीला जायचं? मंजी माझी काहील गेली, आन् वर पोराला जोडता बी ईना, ह्ये समद्या तालुक्याला दावायचं? काय नगं. उद्या इर्जिक घालू."

इर्जिक नव्या पोरांना ठाऊक नसेल. एखाद्याची नांगरट मागे पडली, तर सगळा गाव आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचा आणि एका दिवसात काम उरकायचा. मजुरी नाही. ज्याचं रान त्याने संध्याकाळी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, तेही वशाट, म्हणजे कोंबडी नाहीतर मटण. आणि इर्जिकीचा एक नियम होता. आलेल्या माणसाला बसवून ठेवायचं नाही, आणि त्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही. कुणाच्या नांगराचं तास वाकडं गेलं तर ते वर्षभर वाकडं राहायचं, पण मालक हूं की चूं करायचा नाही. नांगरटीला हा नियम फार चांगला आहे.

आबांनी सायकलीची इर्जिक घातली. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम अडलंय, माणसं जमवा, एवढंच. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी देव भेटल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी चौदा माणसं आली. कुणी पक्कड आणली, कुणी कुऱ्हाड. कुंडलिक सुतार रंधा घेऊन आला होता. एकजण सवयीने बैल घेऊन आला, ते बाभळीला बांधले. सोपान आपल्या इंजिनाच्या पान्यांची पेटी घेऊन आला आणि ती त्याने सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली. चौदा माणसं आणि एक सायकल. नियमाप्रमाणे कुणालाच बसवून ठेवता येत नव्हतं. चौघांनी सांगाडा धरला, दोघांनी पुढचं चाक, दोघांनी मागचं. कुंडलिकने गाडीच्या वंगणाने छर्रे माखले. ज्यांना काहीच मिळालं नाही ते शेतात म्हणतात ती भलरीची गाणी म्हणायला लागले, आणि भलरीच्या ठेक्यावर एकेक नट आवळला जाऊ लागला. ओळ संपल्याखेरीज आवळणारा थांबत नव्हता, त्यामुळे दोन नटांचे आटे गेले.

आबा मधोमध उभे. दोन वर्षांनी लोक पुन्हा त्यांना विचारत होते, "आबा, ह्ये कुठं?" "आबा, ह्येचं तोंड कुनीकडं?" आणि आबा सांगत होते. त्यांचा चेहरा मी गुऱ्हाळ बंद पडल्यापासून असा पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. नोकरी विसरून बरं वाटलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांना फार शिव्या दिल्या.

मग पायडलाचा आस बसवायची वेळ आली. सोपानने दात्याचं मोठं चाक उजवीकडे धरलं.

"थांब," आबा म्हणाले. "उजवीकडं कशापायी?"

"समद्या सायकलींची चेन उजवीकडं असती, आबा."

"आन् समद्यांचं धोतर बी उजवीकडंच जातं." आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येचा सोगा कुनीकडं गावला बुधवारी? उजवीकडं. तलाठ्याचा गेल्या साली? उजवीकडं. सायबानं सायकल पाटलोनीसाठी केली, धोतरासाठी न्हाय केली. सोगा आपून उजव्या अंगाला सोडतो का न्हाय? मग चेन डावीकडं घ्या. खोललीच हाय तर सुदरून घ्या."

मग कुंडलिक सुतार मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं, ह्ये कुनाच्या टकुऱ्यात कसं न्हाय आलं?" इतकी वर्षं सगळ्या जगाने धोतरं फाडली आणि तोड आमच्या अंगणात निघाली. सोपान म्हणाला, "इंजिनाला असं चालत न्हाय हां." त्यावर एकजण म्हणाला, "तुजं इंजिन धोतर नेसतंय व्हय?" आणि सोपानला हसू आलं नाही तरी हसावं लागलं. आस उलटा करून घातला. मागचं चाकही फिरवून घेतलं, म्हणजे लहान दात्याची चकती डावीकडे आली. चेन अगदी नीट सरळ बसली.

ती चालते का हे बघायला सगळे देवळाच्या उतारावर गेलो. मी सायकल हातात धरून नुसती पुढे ढकलली तर पायडलं आपोआप फिरायला लागली.

"आपसूक फिरतंय!" कुणीतरी ओरडलं. "पाय मारायचं बी काम न्हाय!"

मी बसलो. देवळापासून ओढ्यापर्यंत सायकल अशी गेली म्हणता, की टोपी मागे राहिली. पायडलं पायांखाली स्वतःच फिरत होती, मी नुसते पाय ठेवले होते. ओढ्याजवळ पाय आवळून धरले तर सायकल ब्रेक न दाबताच थांबली. धोतर जागच्या जागी. चौदा माणसांनी जो गलका केला, तो पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेला. उतार सायकलीला आपण होऊन नेतो, हे त्या गलक्यात माझ्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

सायकल मी वर ढकलत आणली. चढावरही पायडलं फिरतच होती आणि माझ्या नडग्यांवर आपटत होती. पिंपळाखाली आबांनी ती भिंतीला टेकवून घेतली, खाली वाकले, आणि दोन बोटांनी पायडल पुढे फिरवलं. कट्कट् आवाज झाला. त्यांनी पुन्हा फिरवलं आणि कान दिला. मग ते उठले, हात झटकले आणि मोठ्यांदा म्हणाले, "चला, जेवायला बसा."

तांबडी कोंबडी आणि तिच्या दोन बहिणी त्या जेवणात गेल्या. तांबडीचं पोट मी स्वतः तपासलं. छर्रा नव्हता. एक छर्रा कमी घेऊनच सायकल जोडली होती. जेवताना सगळे आबांच्या युक्तीचं बोलत होते. उद्या इंदापूरला साहेब बघतील तेव्हा काय म्हणतील, कारखाना सगळ्या चिटबॉयना अशीच सायकल देईल, असंही ठरलं. सोपान दोनदा रस्सा मागून घेऊन खाली मान घालून जेवला. आबा फारसे बोलले नाहीत. मला वाटलं, मान मिळाला की माणूस असाच गप्प होतो.

सोमवारी पहाटे मी पाना शोधला. बरोबर असावा म्हणून. कोनाड्यात नव्हता. सारजाला विचारलं, तिने बघितला नव्हता. भाकरी तिने भाजली होती, पण फडक्यात बांधून आबांनी आणून दिली. त्यांनी हे काम जन्मात कधी केलं नव्हतं.

"लौकर नीघ," ते म्हणाले. "आन् गावात बसू नगं सायकलीवं. वढा वलांडून रस्त्याला लागल्याव बस. भूक लागली न लागली तरी तितं बसून आदी भाकरी खा."

बापाला माया आली, असं मी समजलो. पार ओलांडताना कुंडलिक आणि दोघेतिघे शेताकडे निघालेले दिसले. त्यांनी हात वर करून "फत्ते करून ये" म्हटलं. ओढा उतरलो, चढलो, दीड मैल नडग्या सोलून घेत सायकल ढकलली आणि पक्क्या रस्त्याला लागलो. रस्ता सपाट, इंदापूर नऊ मैल, सूर्य नुकता वर आलेला. मी देवाचं नाव घेऊन टांग मारली आणि पायडल मारलं.

कट्कट् कट्कट्. पाय फिरले, चाक जागचं हललं नाही. सायकल माझ्यासकट डावीकडे कलंडली. मी पुन्हा बसलो, जोर केला. पाय रिकाम्या हवेत चालल्यासारखे. पायडल उलटं मारून बघितलं, तर सायकल बारामतीकडे निघाली. मागच्या मागे.

आता नीट कळलं. मागच्या चाकाची ती चकती एकाच दिशेने चाकाला धरते, दुसरीकडे नुसती फिरते. आम्ही ती डावीकडे नेली आणि तिची दिशा उलटली. चाकाने पायडलं फिरवायची, पायडलांनी चाक नाही. गाडीने बैल ओढावेत, तसला प्रकार. ही सायकल फक्त उतारावर चालत होती, आणि तिथून इंदापूरपर्यंत उतार नाही.

मी सायकल बाभळीला टेकवली आणि खाली बसलो. नोकरी गेली. हातात पाना नाही, मिस्त्री बारामतीला, साहेब इंदापूरला, आणि मी मधोमध, चौदा माणसांना कोंबडी खाऊ घालून. मी आबांना शिव्या दिल्या. सोपानला दिल्या, कुंडलिकला दिल्या, धोतर नेसायची पद्धत काढणाऱ्यालाही दिल्या. मग रागाच्या भरात भाकरीचं फडकं ओढलं. फडकं जड लागलं.

दोन भाकरी, ठेचा, आणि भाकरींच्या मध्ये चिंधीत गुंडाळलेला पाना. चिंधी एरंडेलात भिजवलेली. फडक्याच्या कोपऱ्याला गाठ होती. ती सोडली तर आतून छर्रा निघाला.

हरवलेला तो छर्रा त्यांनी रात्रीतून अंगण चाळून शोधला असणार. आबांना कळलं होतं. पिंपळाखाली दोन बोटांनी पायडल फिरवलं, कट्कट् ऐकलं, तेव्हाच कळलं होतं. ज्याने जन्मभर घाण्याचे दाते ऐकले, त्याला कळणार नाही? पण पाठीशी चौदा माणसं उभी होती, हात धुऊन, भुकेली, खूश. त्यात सोपान. दोन वर्षांनी लोकांनी आबांना काहीतरी विचारलं होतं, आणि त्यांनी चूक सांगितलं होतं. ते तिथं बोलता आलं नाही. म्हणून त्यांनी चूक ओढ्यापलीकडे पाठवून दिली, आणि तिच्याबरोबर पाना.

खरं सांगतो, मला आधी संतापच आला. यांची अब्रू गावात राहावी म्हणून माझी नोकरी रस्त्यावर! रात्रीत हळूच माझ्या कानात सांगता आलं नसतं? मग माझ्या लक्षात आलं, की सांगितलं असतं तर मी रात्रीच सायकल खोलली असती, पहाटे सगळ्या गावाला चेन उजवीकडे दिसली असती. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मात्र संतापाच्या पलीकडची होती. त्यांनी पाना दिला होता, म्हणजे मला जोडता येईल असं त्यांना वाटत होतं. तीन वेळा हुकलेलं पाहूनही वाटत होतं. असं मला माझ्याबद्दलही वाटत नव्हतं. मी भाकरी बाजूला ठेवली आणि डोळे पुसून पाना लावला.

पाचर दगडाने ठोकून काढली. आस ओढला. ह्या वेळी छर्रे टोपीत घेतले. सगळ्यांना एरंडेल चोळलं, गाठीतला छर्रा त्यांच्यात घातला, आणि पहिल्यांदा छर्ऱ्यांचं कडं गच्च भरलं. आस फिरवून घातला, मागचं चाक फिरवून घातलं, चेन उजवीकडे. मध्येच इंदापूरची एस.टी. गेली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून "काय, वर्कशॉप काडलं का?" असं विचारलं. मी मान वर केली नाही. शेवटची पाचर ठोकली, पायडल मारलं, चाक फिरलं. कट्कट् झालं ते पाय थांबवल्यावर, जेव्हा व्हायला पाहिजे तेव्हा. मी रस्त्यावर एकटाच हसलो. धोतराचा सोगा वर खोचून घेतला. तसं बघितलं तर बुधवारीही एवढंच करायला हवं होतं.

कचेरीत पोचलो तेव्हा दहाला थोडा वेळ होता. सहाजण उभे, सहा सायकली लखलखीत पुसलेल्या. साहेब एकेकाला पाना देऊन मागचं चाक काढून बसवायला सांगत होते. दोघांनी काढलं, पण बसवता येईना. एकजण म्हणाला, "आमचं मिस्त्री हायती, त्ये करत्यात." माझी पाळी आली. साहेबांनी सायकलीकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघितलं. ते कोपरापर्यंत काळे होते, आणि बोटं सोललेली.

"हे कधी केलंस?"

"सकाळी. येताना."

"एकट्याने?"

माझ्या डोळ्यांपुढे भलरी, पान्यांची पेटी, बाभळीला बांधलेले बैल आणि तीन कोंबड्या येऊन गेल्या.

"व्हय," मी म्हणालो. "एकट्यानं." त्या कचेरीतलं माझं हे पहिलं खरं "व्हय". साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं आणि एक तारखेपासून यायला सांगितलं.

दिवस मावळायला गावात शिरलो. पारावर आबा होते, सोपान, कुंडलिक, आणि कालच्यांपैकी बहुतेक सगळे. मी नोकरीला लागलो म्हणून सांगितलं, गलका झाला, आणि गलक्यातच सोपान पुढे आला. खाली वाकून सायकलीकडे बघत म्हणाला, "जोतीराम, चेन उजवीकडं कशी?"

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण धोतराचा सोगा त्यांनी मुठीत आवळलेला मला दिसला.

"साहेबांनी बदलाया लावली," मी म्हणालो. "कारखान्याचा कायदा हाय. चेन उजवीकडंच पायजे म्हनत्यात."

आबांची मूठ सुटली. मग ते असे कडाडले, की पिंपळावरचे पक्षी उठले.

"आन् तू बदललीस? चौदा मान्सं राबली, त्येंच्या कामाला हात लावलास? लाज न्हाय वाटली?"

"नोकरी पायजे व्हती, आबा."

"सायेब पाटलोन घालतो, त्येला काय धोतराचं! चांगलं कुनी केलं का कायदा आडवा घालायचा. असंच ह्येंनी गुऱ्हाळ बंद पाडलं."

कुंडलिक सुतार म्हणाला, खरं आहे. बाकीचेही म्हणाले, खरं आहे. सोपानलासुद्धा म्हणावं लागलं. अंधार पडेस्तोवर सगळ्या गावाने कारखान्याला शिव्या घातल्या आणि आबांची समजूत काढली. आजही आमच्या गावात कुणी म्हातारा सांगेल, की डावीकडच्या चेनीची सायकल पहिल्यांदा आम्ही केली होती, पण सरकारने ती चालू दिली नाही. मी ते कधी खोडून काढलं नाही. इर्जिकीच्या कामाला नाव ठेवत नाहीत.

घरी आलो. सारजाने ताटं मांडली होती. आबांनी हात धुतले आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी कमरेचा पाना काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो धोतराला पुसला.

"किती येळ लागला?"

"दोन तास."

"मला वाटलं व्हतं, दीड लागंल," आबा म्हणाले, आणि पाना कोनाड्यात ठेवून जेवायला बसले.